अक्काच्या दुखण्याचे नाव

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या अक्काला, जो रोग झाला त्याचे नाव आमच्या घरात कोणीही उच्चारले नाही. ज्या घरात जावयाच्या मूळव्याधीची चर्चा भर पंगतीत, वरणभात कालवता कालवता होते, त्या घराने एका बाईच्या गाठीपुढे एवढे मौन पाळावे याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आमच्या मंडळींचा भित्रेपणा मी जन्मापासून ओळखतो. बाहेर जाताना तो नेहमी सभ्यतेचा कोट घालून निघतो.

मी अर्जनवीस आहे. कचेरीसमोरच्या करंजाखाली माझी बैठक आहे, आणि इंग्रजी चौथीनंतर माझे शिक्षण थांबले ही गोष्ट मी कोणापासून लपवीत नाही; ज्यांचे थांबले नाही अशा कित्येकांचे अर्ज मीच लिहिले आहेत. कन्नड, इंग्रजी आणि मराठी या तिन्ही भाषांत माझी लेखणी चालते. अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्याच्या तोंडून 'सरी', म्हणजे 'ठीक', आल्याशिवाय सही घ्यायची नाही, हा माझा नियम आहे. वकील लोक असे करीत नाहीत. अशिलाला आपली तक्रार कळली तर तो फी कशाची द्यावी असे विचारील, अशी त्यांना भीती असते.

आमचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी घोड्यांच्या मागून या कानडी मुलखात आले आणि घोडे गेल्यावरही इथेच राहिले. आता आम्ही कचेऱ्यांतून फायली हलवतो आणि स्वतःला समाज म्हणवतो. या समाजाने पेटेत, म्हणजे जुन्या बाजाराच्या भागात, मुलींची एक प्राथमिक शाळा काढली होती. अक्का लग्नानंतर थोड्याच काळात विधवा होऊन माहेरी आली, पुढे ट्रेनिंग करून त्या शाळेत शिक्षिका झाली, आणि माझ्या हयातीत आमच्या समाजाने काही उपयोगाचे केले असेल तर तिला नेमले एवढेच. तिची स्मरणशक्ती अशी होती की ती हजेरीचे बुक न उघडता हजेरी घेई. मुलींच्या आया तिच्याच हाताखालून गेलेल्या असत. एखादी पोर खोटे बोलली तर अक्का म्हणे, "तुझी आईसुद्धा हेच कारण सांगायची, बस खाली."

अक्का थोरल्या भावाकडे राहत असे. हा आमचा अण्णा सरकारी हिशेब खात्यात होता आणि राजाजीनगरात त्याने नवे घर बांधले होते. त्याची मुलगी उपवर होती, आणि धारवाडच्या एका घराशी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. नेमक्या त्याच सुमारास अक्काची गाठ उघडकीला आली. तिने ती पुष्कळ दिवस पदराखाली ठेवली होती. डॉक्टरांनी सांगितले की कॅन्सर आहे आणि स्तन काढून टाकावा लागेल.

त्या संध्याकाळी अण्णाच्या बैठकीच्या खोलीत जी मसलत झाली तिला मी हजर होतो. अक्का आत स्वयंपाकघरात शेंगा निवडत होती. तिला बाहेर बोलावणे कोणाला सुचले नाही.

"कुणी विचारलं तर सांगायचं काय?" अण्णा म्हणाला.

"डोक्याची शीर म्हणा," वहिनी म्हणाली. "शीर कुणाचीही दुखते. त्यात नाव ठेवायला जागा नाही."

"एवढे दिवस हॉस्पिटलात राहायचं म्हणजे?"

"शिरेला वेळ लागतोच की हो. धारवाडवाल्यांना तपशील कशाला पाहिजे? त्या रोगाचं नाव ऐकलं तर म्हणतील रक्तात आहे, पोरीतही असेल. झालं मग."

मी म्हणालो, "उद्या कोणी विचारलं की शिरेचं दुखणं हॉस्पिटलच्या कुठल्या खोलीत बरं करतात, तर?"

"तू अर्ज लिही," अण्णा म्हणाला. "घरातलं आम्ही बघतो."

तर असे ठरले. अक्काचा एक स्तन कापला गेला आणि बळेपेटेपासून राजाजीनगरपर्यंत सगळ्या ओळखीच्या घरांत बातमी पसरली की तिच्या डोक्याच्या शिरेवर उपचार चालले आहेत. जी मंडळी एरवी दुसऱ्याच्या खोट्यात आपली चार खोटी घातल्याशिवाय झोपत नाहीत, त्यांनी हे खोटे मात्र जसेच्या तसे विश्वासाने गिळले.

जखम भरली, मग तिला वीज देण्याचे, म्हणजे किरणांनी शेकण्याचे, काम झाले, आणि त्यानंतर एका नव्या औषधाच्या सुया सुरू झाल्या. हे औषध तेव्हा परदेशातून नुकतेच येऊ लागले होते. ते दंडातल्या शिरेतून देत. सुई दिलेली शीर लाल होई, मग दोरीसारखी कडक होई, आणि सगळा हात आतून निखारे भरल्यासारखा तापे. तोंड फोडांनी भरून जाई. पाणी गिळतानाही ती डोळे मिटून घेई. ताप येई, उतरे, आणि तो उतरून हात जरा हलका झाला की पुढची सुई ठरलेली असे. केस गेले. शेजारची एक सोवळी म्हातारी ते बघून वहिनीला म्हणाली, "अय्यो, इतक्या वर्षांनी का होईना, देवानेच करून घेतलं." विधवेचे डोके उघडे पडल्याचा तिला मनापासून आनंद झाला होता. वहिनीने तिला कॉफी दिली.

आणि मग अक्का विसरू लागली.

सुरुवात हुळीपासून, म्हणजे इकडच्या आमटीपासून, झाली. तिने तिच्यात दोनदा मीठ घातले. नंतर बोलता बोलता ती मध्येच थांबू लागली. समोर ठेवलेल्या भांड्याला काय म्हणतात ते तिला आठवेना. मी एका रविवारी गेलो तेव्हा ती ओसरीवर बसली होती. हात उशीवर ठेवलेला, कोपरापासून वर सुजलेला.

"काय अक्का, कसं आहे?"

"शब्द जात नाही रे तम्मा," ती म्हणाली. ती मला लहानपणापासून तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, असेच म्हणे. "शब्द समोर उभा असतो. पण माझ्याकडे पाठ करून उभा असतो. हाक मारली तरी वळत नाही."

"अशक्तपणा असेल."

"अशक्तपणा नाही. हात तापला, तोंड आलं, की डोकंही आतून सुजल्यासारखं होतं. हात उतरला की डोकं स्वल्प उघडतं. मी बघितलंय नीट. दर सुईला तसंच होतं."

हे तिचे म्हणणे घेऊन मी तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेलो. मोठे डॉक्टर विलायतेला जाऊन आले होते आणि आपण तिथून परत आलो आहोत हे त्यांना अजून पटलेले नव्हते. त्यांनी अक्काचे बोलणे अर्धे ऐकले आणि उत्तर मला दिले, तेही मला कळू नये अशा बेताच्या इंग्रजीत. ते मला कळले. बाईचे वय झाले आहे. या वयात बायकांना असे होतेच. मन कशात तरी गुंतवा. गाठ काढून आम्ही जीव वाचवला आणि आता ही पाढे विसरते म्हणून तक्रार घेऊन येते.

"साहेब," अक्का मराठीमिश्रित कन्नडमध्ये म्हणाली, "मन गुंतवायला माझ्याकडे शाळा आहे. मला विचारायचं होतं की हे सुईने होतं का."

"सुई दंडात देतात, डोक्यात नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. आपण विनोद केला असे वाटून ते हसले, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोन परिचारिकाही हसल्या. मोठ्या माणसाच्या मागे उभे राहून हसण्याची नोकरी या शहरात कायम मिळते.

बाहेर व्हरांड्यात त्यांच्या हाताखालचा तरुण डॉक्टर आमच्या मागून आला. हा माणूस मला त्या इमारतीत सर्वांत कमी त्रासदायक वाटला. तो म्हणाला, "मला माहीत नाही अम्मा. पुस्तकात काही नाही. पण ह्या सुया घेणाऱ्या दुसऱ्या बायकाही असंच सांगतात. कदाचित जी जळजळ हाताला होते ती सगळ्या अंगात होत असेल, डोक्यापर्यंत. कदाचित नसेलही."

"मग तुम्ही ते कुठं लिहून ठेवता?" मी विचारले.

"लिहीत नाही."

"का?"

"साहेब विचारत नाहीत ना."

ज्या शास्त्राला बाई काय सांगते ते विचारायचे नाही आणि न विचारलेले माहीतही नाही, त्या शास्त्राबद्दल मी अधिक लिहीत नाही.

अक्काने शाळा सोडली नव्हती. सुईनंतर अंग उचलेल तितक्या दिवसांनी ती वर्गात जाई. एका सकाळी एकोणतीसचा पाढा म्हणवून घेताना ती मध्येच थांबली. मुली तिच्याकडे बघत राहिल्या. मग तिने पुढच्या बाकावरच्या एका मुलीला उठवले आणि तिच्या आईच्या नावाने हाक मारली. मुलगी घरी जाऊन हसत हसत हे सांगून बसली. आई हसली नाही. तिने ते आपल्या नवऱ्याला सांगितले, आणि नवरा शाळेच्या कमिटीवर होता.

ही कमिटी म्हणजे आमच्या समाजातले सात-आठ कर्ते पुरुष. घरात बायकोशी भांडायलासुद्धा ज्यांना कन्नड लागते असे हे लोक कमिटीचे कामकाज मात्र अभिमानाने मराठीत ठेवीत. अध्यक्ष निवृत्त अबकारी अधिकारी होते. आयुष्यभर लोकांच्या बाटल्या हुंगण्यात गेल्यामुळे आपल्याला माणसेही वासावरून कळतात असा त्यांचा समज होता. त्यांच्या सहीने अक्काला पत्र आले. आपण मस्तकाच्या विकारावर दीर्घकाळ उपचार घेत असल्याचे सर्वश्रुत आहे, वर्गातील आपले वर्तन त्यास अनुरूप आहे, सबब आपणास सेवेतून मुक्त का करू नये याचा खुलासा करावा.

मी अध्यक्षांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसून पान लावत होते. त्यांनी मला बसा म्हटले नाही.

"वेड नाही म्हणतोस?" ते म्हणाले. "अरे, तुझ्या वहिनीनेच आमच्या घरात सांगितलं. डोक्याची शीर. आता डोक्याची शीर म्हणजे काय ते आम्हाला कळत नाही होय? घरोघरी असंच सांगतात. आम्ही समजून घेतलं, गप्प बसलो."

"शीर नाही. दुसरं दुखणं आहे."

"कुठलं?"

नाव घेणार नाही असा मी अण्णाला मसलतीच्या दिवशीच शब्द दिलेला होता, आणि माझा शब्द मी त्याच्यासारख्या माणसाला दिलेला असला तरी पाळतो.

"बघ, नाही ना सांगता येत?" अध्यक्ष म्हणाले. "लहान पोरी आहेत. उद्या हिनं एखादीला काही केलं तर जबाबदार कोण? कमिटी. तू? तू झाडाखाली बसणारा."

तेव्हा वहिनीच्या त्या हुशार खोट्याने काय केले ते पूर्णपणे ध्यानात आले. आमच्या लोकांनी स्तनाची लाज झाकायला डोक्याचे नाव पुढे केले, आणि नंतर डोके खरोखरच अडखळू लागले तेव्हा साऱ्या गावाला पुरावा आयता मिळाला. आमच्यासारखी माणसेच ही चूक करू शकतात. दुसऱ्या कोणाला एवढी अक्कल खर्च करून स्वतःच्या माणसाला वेडी ठरवता येणार नाही.

अण्णाला एक तोड सुचली. डॉक्टरांचा दाखला आणा की डोके शाबूत आहे, मग दुखण्याचे नाव न घेता काम भागेल. मी पुन्हा त्या विलायती डॉक्टरांसमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "मी गाठी काढतो. डोक्याचा दाखला डोक्याच्या हॉस्पिटलातून आणा." म्हणजे वेड्यांच्या इस्पितळातून. अक्का वेडी नाही हे ठरविण्यासाठी तिने त्या फाटकातून आत जायचे, आणि जाताना समाजातल्या एका जरी डोळ्याने तिला पाहिले तर बाहेर येऊन दाखल्याचे काय करायचे ते अण्णानेच मला सांगावे. तो म्हणाला, "मग राजीनामा दे म्हणावं तिला. आराम करील."

पुढच्याच आठवड्यात अक्का माझ्या बैठकीपाशी आली. बसने, एकटी. डोक्यावर पदर गच्च ओढलेला, दुखरा हात दुसऱ्या हाताने धरलेला. माझ्या अशिलांसाठी जे बाकडे असते त्याच्यावर ती इतर कोणी बसते तशी बसली.

"अक्का, तू इथं? मी घरी आलो असतो."

"घरी नको. तिथं भिंतींना वहिनी आहे. लिही माझा अर्ज."

मी कोरा कागद घेतला आणि माझ्या पद्धतीप्रमाणे सुरुवात केली. त्यात अर्जदार ही एक अबला असून दीर्घ व कष्टसाध्य व्याधीने पीडित असल्याकारणाने, असे एक चांगले लांब वाक्य होते. या वाक्याने मी तहसीलदारांच्या डोळ्यांत पाणी आणलेले आहे. ते मी तिला वाचून दाखवले.

"हे कुणाबद्दल आहे?" ती म्हणाली.

"तुझ्याबद्दल."

"मी अबला कधीपासून? पन्नास पोरी मी नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवते. खोड ते. आणि व्याधी कुठली, ते लिही."

"अक्का, अर्ज सभेत मोठ्यानं वाचतात. सगळे पुरुष असतात."

"म्हणूनच लिही."

मी जरा विचार करून वक्षःस्थळाचा विकार असे लिहिले. तिने मान हलवली. मी छातीचा लिहिले.

"छाती पुरुषालाही असते," ती म्हणाली. "माझं काय कापलं ते लिही. स्तन लिही. कॅन्सर लिही."

माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी तो शब्द अर्जात लिहिलेला नव्हता. बलात्काराच्या तक्रारींतही मी अब्रू, शील असले शब्द वापरून वाट काढली होती. शेजारचा टंकलेखक कान देऊन बसला होता. मी शब्द लिहिला.

"आता लिही की मी विसरते."

"ते नाही लिहायचं!" मी म्हणालो. "अर्जात कधी कबूल करायचं नसतं. सगळं नाकारायचं, मग प्रार्थना करायची. ही रीत आहे."

"खोटं एकदा सांगून बघितलं की आपण. काय झालं?" ती थोडी थांबली. तिला एक शब्द हवा होता आणि तो मिळत नव्हता. मी तो पुरवू लागलो तर तिने हाताने मला अडवले आणि स्वतःच शोधून काढला. "खंड. माझ्या स्मरणात खंड पडतो. तो सुईच्या दिवसांत पडतो आणि मग भरून येतो, पूर्ण नाही, पण येतो. कशानं होतं ते डॉक्टरांना माहीत नाही. मला वाटतं सुईच्या दाहानं होतं. वेड नाही. मला शिकवता येतं. एवढंच लिही."

"आणि पोरीचं लग्न?"

अक्काने डोक्यावरचा पदर पुन्हा गच्च ओढला.

"मी पोरीला विचारलं," ती म्हणाली. "आधी रडली. मग म्हणाली, तुझं तू बघ अत्या. ती परवानगी होती की राग, मला कळलं नाही. मी परवानगी धरली. घरात बसले तर मी खरंच वेडी होईन रे. वर्गात विसरले तर पोरी आठवण देतात. घरात विसरले की सगळे एकमेकांकडे बघतात."

मी अर्ज पूर्ण वाचून दाखवला. ती म्हणाली, "सरी," आणि दुखऱ्या हाताने सही केली. सही वाकडी आली.

अण्णाला हे कळले तेव्हा तो बैठकीपाशी आला. एरवी माझ्या झाडाखाली उभे राहण्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत असे.

"तो कागद फाड," तो म्हणाला. "नाहीतर तू माझा भाऊ नाहीस."

"कागद माझा नाही, अर्जदाराचा आहे," मी म्हणालो. "भाऊ नसल्याबद्दल वेगळा अर्ज कर. लिहून देतो."

टंकलेखक हसला. अण्णा गेला. मला त्या उत्तराचा आजही अभिमान आहे.

सभा शाळेच्या लांब खोलीत शनिवारी दुपारी भरली. अध्यक्ष, त्यांच्या दोन्ही बाजूंना सभासद, प्रत्येकासमोर कॉफीचा लोटा. अक्काला दाराजवळ मुलींच्या ठेंगण्या बाकावर बसवले होते. अर्ज अर्जनवीसाने वाचावा असे तिने आधीच कळवले होते, आणि मी उभा राहून वाचू लागलो. माझा आवाज मोठा आहे. कचेरीसमोर पंचवीस वर्षे बसल्यावर तो तसा होतो.

त्या शब्दापर्यंत आलो तेव्हा खोलीत काय झाले ते मी नीट पाहिले, कारण पाहण्यासारखे होते. ज्यांनी माझ्या बहिणीला वेडी म्हणताना एकदाही जीभ चावली नव्हती, ते सात-आठ गृहस्थ एकाच वेळी आपापल्या कॉफीत पाहू लागले. एकाने भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे तोंड फिरवले. ज्याच्या मुलीमुळे हे सुरू झाले होते त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"असू दे, असू दे," अध्यक्ष म्हणाले. "एवढ्या तपशिलाची जरूर नाही. पुढे जा."

"तम्मा," अक्का बाकावरून म्हणाली, "ते वाक्य पुन्हा वाच. सगळ्यांना ऐकू गेलं नसेल."

मी पुन्हा वाचले. मग उरलेला अर्ज वाचला: खंड पडतो, भरून येतो, कारण माहीत नाही, शिकवता येते. कोणी ऐकत नव्हते. त्या एका वाक्यानेच त्यांचे कान गेले होते.

"म्हणजे," अध्यक्ष लोट्याकडे बघत म्हणाले, "ते... डोक्याचं नाही?"

"डोक्याचं नाही. इथलं." अक्काने सपाट झालेल्या बाजूवर पदरावरून हात ठेवला. "आणखी कुणाला काही विचारायचं आहे? विचारा. मी उत्तर देते. विसरले तर स्वल्प थांबा, आठवेल."

त्याच सभेत त्यांनी त्याआधी झाडूवालीच्या रजेवर तासभर भाषणे केली होती. घटना, शिस्त, समाजाचे हित, सगळे बाहेर आले होते. अक्काच्या बाबतीत मात्र त्यांना फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचे होते. विरोध करायचा तर विषय बोलावा लागला असता. म्हणून त्यांनी न बोलता ठराव केला की शिक्षिकेस सेवेत ठेवावे, सुईच्या दिवसांची रजा द्यावी, आणि पाढे नसलेला सर्वांत खालचा वर्ग द्यावा. मंजूर. दया त्यात नव्हती, समज त्याहून नव्हती. माझ्या बहिणीची नोकरी या पुरुषांच्या लाजेने वाचली, आणि मला त्यांच्याबद्दल तेवढीही कृतज्ञता वाटत नाही.

धारवाडच्या मंडळींचे पत्र महिन्याभरात आले. पत्रिका पुन्हा पाहिली असता जुळत नाहीत असे आढळले. बोलणी पक्की होऊन साखर वाटून झाल्यावर ग्रह हलले, हा शोध त्यांनीच लावला. अण्णाने अक्काशी बोलणे सोडले. एकाच घरात राहून तो तिला निरोप वहिनीच्या तोंडून देई, आणि वहिनी पाटावर ताट ठेवताना भिंतीला सांगितल्यासारखे सांगे. त्याची मुलगी मात्र पुढच्या सुईपासून अक्काबरोबर हॉस्पिटलात जाऊ लागली. दोघी बोलत नसत. अक्काला ओकारी आली की मुलगी तिच्यापुढे भांडे धरी, आणि परत येताना बसमध्ये तिच्या सुजलेल्या हाताच्या बाजूला बसे, म्हणजे कोणाचा धक्का लागू नये.

रजेनंतर अक्का शाळेत रुजू झाली त्या सकाळी मी तिला पोहोचवायला गेलो. फाटकापाशी तिला विचारले, "भीती वाटते काय?"

"कसली? बारक्या पोरी आहेत, नवीन भरती झालेल्या. त्यांची नावं मला आधी येतच नव्हती. विसरायचं काय त्यात?"

ती आत गेली. सुईला फार दिवस झाले नव्हते, आणि पायांना जुनी सवय होती. ती व्हरांड्यातून सरळ आपल्या पूर्वीच्या वर्गाकडे गेली आणि उंबरठ्यावर उभी राहिली. आत दुसरी टीचर शिकवीत होती. साऱ्या मुली खडबडून उभ्या राहिल्या. ज्या पोरीला तिने आईच्या नावाने हाक मारली होती तीही उभी राहिली. अध्यक्ष कार्यालयाच्या खिडकीत उभे होते. मी पाहतो आहे हे दिसताच ते आत सरले.

अक्काला चूक कळली. क्षणभर तिने चौकट धरली. मग तिने मुलींकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "बसा, बसा. मी पलीकडे जाते," आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथून बारक्या पोरींचा कालवा ऐकू येत होता, तिकडे चालू लागली.